कीव नको, हिशेब हवा

२ मार्च २०२५ रोजी नागपूरनजीकच्या जामठा येथील मैदानावर विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्या वेळी आपल्या नावे केला. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, मुंबईत पद्माकर शिवलकर निवर्तले. एका वार्तेने विदर्भास हर्ष झाला, दुसरीने साऱ्या महाराष्ट्रास हळहळ वाटली. दोन वार्ता लागोपाठ आल्या हा योगायोग होय. परंतु त्या वाचताना आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो फार दिवसांचा आहे. शिवलकरांविषयी जे जे लिहिले व बोलले गेले त्यांत एक विशेषण हटकून येत होते : ‘दुर्दैवी’. घरगुती संभाषणात त्याचेच रूप अधिक सोपे होते : ‘बिचारा’. या शब्दास आमची हरकत आहे, आणि ती सविस्तर नोंदविण्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

हळहळीमागील भावना खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. गुणी मनुष्यास त्याच्या गुणांएवढे फळ मिळाले नाही याचे वाईट वाटणे हे सहृदयतेचेच लक्षण होय. परंतु एखादा शब्द सहृदयतेतून निघाला म्हणजे तो निरुपद्रवी असतोच असे नाही. ‘बिचारा’ हा शब्द येथे दोन कामे करतो. ज्याने आयुष्यभर उत्तम काम केले त्याचे काम तो लहान करून टाकतो, हे पहिले. आणि सगळा दोष दैवाच्या माथी मारून, ज्यांनी जाब द्यावयाचा त्या माणसांस व संस्थांस तो सहज मोकळे सोडतो, हे दुसरे. पहिले काम अन्यायाचे आहे आणि दुसरे सोयीचे. अन्याय आणि सोय एकत्र आली म्हणजे तिची रूढी होण्यास वेळ लागत नाही.

प्रथम कर्तृत्वाकडे पाहू. शिवलकर हे डावखुरे मंदगती गोलंदाज. १९६१-६२ च्या हंगामात ते प्रथम श्रेणीच्या सामन्यात उतरले आणि मधला खंड धरूनही १९८७-८८ पर्यंत, वयाची ४७ वर्षे होईतो, त्यांचे नाव त्या श्रेणीत दिसते. १२४ सामने, ५८९ बळी, आणि प्रत्येक बळीमागे सरासरीने २० धावाही नाहीत. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. त्यांतील शेवटच्या विजयाचा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर झाला, तेव्हा तामिळनाडूच्या पहिल्या डावात शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. पाच दिवसांसाठी योजिलेला तो सामना दोन दिवस व एका चेंडूत आटोपला. ज्या मनुष्याच्या बोटांनी एवढे घडविले त्यास आपण ‘बिचारा’ म्हणतो! कीव करणाराने कोठे उभे राहून करावी याचा काही विचार तरी असावा.

कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण त्यांस भारताची टोपी मिळाली नाही ना? नाही मिळाली. त्या काळी त्याच पद्धतीचा गोलंदाज म्हणून बिशनसिंग बेदी भारतीय संघात होते. ६७ कसोटी सामन्यांत त्यांनी २६६ बळी मिळविले, आणि त्यांच्या जोडीस प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन असे तीन फिरकी गोलंदाज होते. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही शिवलकरांच्याच पद्धतीचे. त्यांचे प्रथम श्रेणीतील बळी ७५० आणि त्यांपैकी रणजी स्पर्धेतील ६३७. या स्पर्धेत एवढे बळी दुसऱ्या कोणासही मिळालेले नाहीत. १९७४ साली बेंगळूरच्या कसोटीसाठी बेदींस शिस्तीच्या कारणावरून वगळण्यात आले, तेव्हा गोयलांचे नाव संघात होते. पण अकरांत नव्हते. २०२० साली गोयल वारले तेव्हाही वृत्तपत्रांनी हाच ‘दुर्दैवी’ शब्द काढला होता. एका जागेसाठी तीन समर्थ माणसे असली तर दोघांस ती मिळत नाही, हे अंकगणित आहे. अंकगणितास दैव म्हणण्याची चाल आपणांत पडली आहे, इतकेच.

हे अंकगणित आणखी थोडे पुढे नेऊन पाहावे. रणजी स्पर्धेत २०२४-२५ साली ३८ संघ होते. प्रत्येक संघात राखीव धरून पंधरा माणसे मोजली तरी ५७० होतात, आणि भारताच्या कसोटी संघात एका वेळी अकराच उतरतात. म्हणजे टोपी हेच यशाचे एकमेव माप मानले, तर देशातील उत्तमोत्तम अशा ५७० खेळाडूंपैकी साडेपाचशेहून अधिक अयशस्वी ठरतात! ज्या परीक्षेत शंभरांतील अठ्ठ्याण्णव विद्यार्थी नापास होतात, त्या परीक्षेच्या निकालावरून शाळेची योग्यता कोणी ठरवीत नाही. परीक्षकाचीच चौकशी करतो. पण क्रिकेटच्या बाबतीत मात्र आपण सुशिक्षित माणसे हा निकाल विनातक्रार स्वीकारतो, आणि नापास ठरलेल्यांसाठी दोन अश्रू ढाळून आपले कर्तव्य संपले असे समजतो.

आमच्या वाचकांनी हाच न्याय आपल्या घरास लावून पाहावा. तालुक्याच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांस, ते कुलगुरू झाले नाहीत म्हणून आपण बिचारे म्हणतो काय? काटोलच्या न्यायालयात जन्म घालविलेल्या निष्णात वकिलास, तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला नाही म्हणून त्याचे आयुष्य वाया गेले असे कोणी म्हणतो काय? म्हणत नाही, कारण त्या धंद्यांत मधल्या पायरीवरील कामास स्वतःची प्रतिष्ठा आहे, ठरीव वेतन आहे आणि निवृत्तीनंतरचा आधार आहे. खेळाच्या धंद्यात मधली पायरी आपण मानलेलीच नाही. एकतर देव, नाहीतर बिचारा. या दोहोंच्या मध्ये माणूस म्हणून उभे राहावयास जागाच ठेवलेली नाही. कित्येक वर्षे विदर्भाच्या फिरकीचा भार वाहिलेल्या प्रीतम गंधे यांचे नाव नागपूरबाहेर किती घरांत ठाऊक आहे, हे ज्याचे त्याने आपल्याशी विचारून पाहावे.

आता त्या दुसऱ्या, सोयीच्या कामाकडे वळू. मधल्या पायरीवरचा खेळाडू पोट कशावर भरतो, हा प्रश्न कीव करणारा कधी विचारीत नाही. शिवलकरांच्या पिढीस बँका, रेल्वे, गिरण्या व मोठे कारखाने नोकऱ्या देत. मुंबईत १९३१ पासून चालत आलेल्या टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा याच कचेऱ्यांच्या संघांनी गाजविल्या. खेळाडू हा प्रथम कारकून असे आणि सामन्यापुरती त्यास रजा मिळे. त्या व्यवस्थेत खेळाच्या कामाचा मोबदला अल्प होता, परंतु साठाव्या वर्षापर्यंतच्या अन्नाची शाश्वती होती. आज बहुतेक कचेऱ्यांनी ही वाट बंद केली आहे आणि खेळाडू पूर्णवेळ खेळाडूच झाला आहे. धंदा पूर्णवेळ झाला, वेतन मात्र रोजंदारीचेच राहिले, हे या बदलाचे खरे स्वरूप होय.

रोजंदारी हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेले दर असे : ४० हून अधिक सामने खेळलेल्यास सामन्याच्या प्रत्येक दिवसास ६०,००० रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्यास ५०,००० आणि त्याहून नवख्यास ४०,०००. राखीव खेळाडूस याच्या निम्मे. हे आकडे लहान नाहीत, हे आम्ही प्रथमच कबूल करतो; पूर्वीच्या ३५,००० च्या मानाने ते बरेच वाढले आहेत. परंतु दिवस किती, हेही पाहावयास नको काय? २०२४-२५ च्या हंगामात साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवसांचे, म्हणजे २८ दिवस. आणि अंतिम सामन्यापर्यंत मजल मारलीच तर आणखी १५. ज्याचा संघ साखळीतच गारद झाला आणि जो स्वतः राखीव बाकावरच बसला, अशा नवख्या गोलंदाजाचे २८ दिवसांचे २०,००० प्रमाणे वर्षाचे उत्पन्न ५,६०,००० रुपये. पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धांत निवड झाली तर त्यांचे मानधन निराळे. पण निवड होईलच याची हमी कोणी द्यावी? पुढल्या वर्षी नाव वगळले गेले तर शून्य. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याच धंद्यातील ऋषभ पंत यांस २७ कोटींची बोली लागली. त्यांचा आम्हांस हेवा नाही. पण एकाच मंडळाच्या छत्राखाली एका टोकास २७ कोटी व दुसऱ्या टोकास दिवसागणिक हजेरी असावी, आणि मधल्या अंतरास आपण ‘नशीब’ हे नाव द्यावे, हे आम्हांस मान्य नाही.

रोजंदारीचे खरे रूप २०२०-२१ साली उघडे पडले. साथीमुळे त्या वर्षी रणजी स्पर्धा, ८७ वर्षांत प्रथमच, झालीच नाही. सामने नाहीत म्हणून दिवस नाहीत, आणि दिवस नाहीत म्हणून मानधन नाही! आदल्या हंगामात खेळलेल्यांस निम्मी भरपाई देण्याचे मंडळाने पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. तोवर घरभाडे, औषधपाणी, मुलांची फी या गोष्टी काही थांबून राहिल्या नव्हत्या. ज्या मंडळाची श्रीमंती जगास माहीत आहे त्याच्या खेळाडूंवर हा प्रसंग यावा यात दैवाचा संबंध कोठे येतो? वार्षिक कराराने बांधलेला नोकर आणि हजेरीपटावरचा मजूर यांत जो फरक, तोच येथे आहे. भारतीय संघातील निवडक खेळाडूंशी मंडळ वार्षिक करार करते. ज्यांच्या खांद्यावर उभे राहून ते निवडक ठरले, त्या शेकडोंच्या बाबतीत मात्र हीच हजेरीची पद्धत.

मग हे खेळाडू एकत्र येऊन मागत का नाहीत, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे : सध्या खेळत असलेल्या खेळाडूंची संघटनाच या देशात नाही. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ च्या आपल्या अहवालात खेळाडूंच्या संघटनेची शिफारस केली. तदनुसार २०१९ साली संघटना स्थापनही झाली. परंतु ती निवृत्त खेळाडूंची. जो आज मैदानात आहे त्यास तेथे सभासदत्व नाही. इंग्लंडात व्यावसायिक क्रिकेटपटूंची संघटना १९६७ पासून आहे. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात कनिष्ठ संघांतून खेळणारे हजारो तरुण अनेक पिढ्या अत्यल्प वेतनावर राबत होते. २०२२ साली ते संघटित झाले आणि २०२३ च्या पहिल्याच सामूहिक कराराने सर्वांत वरच्या कनिष्ठ श्रेणीचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरांवरून ३५,८०० झाले. त्यांच्या वरिष्ठ श्रेणीत तर अवघे ४३ दिवस संघात नाव लागले तरी निवृत्तिवेतनाचा हक्क सुरू होतो. आमच्याकडे संपूर्ण रणजी हंगाम, अंतिम सामना धरून, बरोबर ४३ दिवसांचा. आणि त्या ४३ दिवसांच्या शेवटी खेळाडूच्या हाती पुढील वर्षाचा एक कागददेखील नसतो. २०२२ साली मंडळाने जुन्या खेळाडूंचे निवृत्तिवेतन वाढविले, ज्यांस १५,००० मिळत त्यांस ३०,००० केले, हे योग्यच झाले. पण ती म्हातारपणची दया झाली. तरुणपणचा हक्क तिच्याने भरून निघत नाही.

त्याच अमेरिकन खेळातून आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा गोलंदाज दमला अथवा फटके खाऊ लागला, म्हणजे त्याच्या जागी दुसरा येतो आणि डोक्यावरचे संकट निभावून नेतो. असा मनुष्य पूर्वी दुय्यम समजला जाई. त्याच्या कामास नाव नव्हते आणि आकडाही नव्हता. १९६९ साली त्या खेळाच्या नोंदवह्यांत ‘सेव्ह’, म्हणजे वाचविलेला सामना, हे सदर अधिकृतपणे आले. काम तेच होते. परंतु ते मोजले जाऊ लागताच त्यास प्रतिष्ठा आली आणि पुढे वेतनही आले. आपल्याकडे एका टोकाकडून तीस षटके टाकून धावा रोखून धरणाऱ्या, आणि त्यायोगे दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजास बळी मिळवून देणाऱ्या गड्याच्या नावे काय राहते? निर्धाव षटकांचा एक आकडा, जो कोणी वाचीत नाही. जे मोजले जात नाही त्यास किंमत नाही हा बाजाराचा न्याय असेल. सुशिक्षित घरांचाही तोच न्याय असावा काय?

येथे त्या जामठ्याच्या अंतिम सामन्याकडे परत यावयास हवे. त्या दिवशी विदर्भाविरुद्ध केरळकडून आदित्य सरवटे खेळत होते. तेच सरवटे, नागपूरचे. ज्यांनी २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर सौराष्ट्राचे ११ गडी टिपून आणि चेतेश्वर पुजारांस दोन्ही डावांत माघारी धाडून विदर्भास करंडक मिळवून दिला होता. २०२५ च्या उपांत्य सामन्यात केरळास गुजरातवर जी अवघ्या दोन धावांची आघाडी मिळाली, तीही त्यांच्याच चेंडूवर : फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणास लागून उडाला आणि झेलला गेला. अंतिम सामन्यात त्यांनी केरळसाठी ७९ धावा केल्या. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात इंदूर येथे दिल्लीविरुद्ध लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद करणारे रजनीश गुरबानी हेही विदर्भ सोडून महाराष्ट्राच्या संघात गेले. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी एकदाच झाला होता. तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम् यांनी केलेला, आणि तो चेपॉकच्या त्याच सामन्यात, ज्यात शिवलकरांनी १३ गडी बाद केले.

या खेळाडूंनी संघ बदलला की आपल्याकडे ‘निष्ठा’, ‘माती’ वगैरे शब्द बाहेर पडतात. हे शब्द आम्हांस फार स्वस्त वाटतात. नागपूरचा अभियंता पुण्यास जातो, आमच्या काटोलचा पदवीधर बेंगळूरची नोकरी धरतो, तेव्हा त्यास कोणी फितूर म्हणत नाही. उलट चार घरी त्याचे कौतुक होते. आणि विदर्भाचे हे तीन करंडक तरी केवळ विदर्भाच्या मातीचे आहेत काय? मुंबईचे वासिम जाफर, कर्नाटकाचे गणेश सतीश व करुण नायर, दिल्लीचे ध्रुव शोरे हे विदर्भाकडून खेळले. पहिले दोन विजय मुंबईच्या चंद्रकांत पंडितांच्या शिकवणीखाली मिळाले. येणाऱ्यास पाहुणा म्हणून डोक्यावर घ्यावयाचे आणि जाणाऱ्यास कृतघ्न म्हणावयाचे, हा दुटप्पीपणा होय. ज्यास आपण वर्षाचा करार देत नाही, त्याच्याकडून जन्माची निष्ठा मागण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आमच्या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल आणि तो विचार करण्याजोगा आहे. मधली पायरी एवढी सन्मान्य केली, तर तरुणांची महत्त्वाकांक्षा मंदावणार नाही काय? वर चढण्याची ईर्षा टोपीनेच उत्पन्न होते. ती काढून घेतली तर खेळ सपाट होईल. आमचे उत्तर असे की टोपी कोणीही काढून घेत नाही. वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी खेळला आणि विदर्भाकडून तो मान मिळविणारा पहिला ठरला. त्याचे चित्र गावोगावच्या मुलांच्या भिंतीवर राहीलच व राहावे. पण त्याच भिंतीवर फैज फजल यांचेही चित्र असावयास हवे. जून २०१६ मध्ये हरारे येथे ते भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळले, त्यात नाबाद ५५ धावा केल्या, आणि पुन्हा त्यांस बोलावणे आले नाही. या वागणुकीवर रुसून न बसता ते परत आले, विदर्भाचे नायक झाले आणि लागोपाठ दोन वर्षे करंडक घरी आणला. १९५७-५८ साली या स्पर्धेत उतरलेल्या विदर्भास साठ वर्षांत जे साधले नव्हते ते या ‘एका सामन्याच्या’ खेळाडूने साधून दिले. त्यांचे आयुष्य सफल की विफल? जे माप याचे उत्तर ‘विफल’ असे देते, ते मापच मोडीत काढले पाहिजे.

महत्त्वाकांक्षा खरोखर मंदावते ती भीतीने. आमच्या गावी एखादा मुलगा चेंडू चांगला वळवू लागला की वडील विचारतात, ‘पुढे काय?’ हा प्रश्न भित्र्या मध्यमवर्गाचा म्हणून हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे. आम्हांस तो अत्यंत समंजस वाटतो. भारतीय संघात गेला तर ठीक, न गेला तर काहीच नाही, अशा सोडतीत स्वतःचे मूल कोण घालील? मधल्या पायरीवर अन्न व मान आहे असे त्या वडिलांस दिसले, तरच चढावयास अधिक मुले येतील, आणि अधिक मुले आली तरच शिखर उंच होईल. आम्ही संत्र्याच्या मुलुखातील माणसे. आम्हांस हे वेगळे सांगावे लागत नाही. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे नाव देशोदेशी गेले. पण संत्र्याचे झाड स्वतःच्या मुळांवर क्वचितच उभे असते. जंबेरीचे रोप आधी वाढवितात आणि त्याच्या खोडावर संत्र्याचा डोळा भरतात. फळ संत्र्याचे, नाव संत्र्याचे; जमिनीत पाणी शोधणारा, रोगाशी झगडणारा खुंट मात्र जंबेरीचा. काटोलचा कोणताही बागाईतदार त्या खुंटास बिचारा म्हणत नाही. रोपे घेताना तो प्रथम खुंटाचीच चौकशी करतो, कारण बागेचे आयुष्य त्यावर ठरते.

आणि हा खुंट नुसता भार वाहतो असेही नाही. अमोल मुजुमदार यांनी १९९३-९४ साली प्रथम श्रेणीच्या पहिल्याच डावात २६० धावा केल्या, एकंदर ११ हजारांवर धावा जमविल्या, आणि २०१४ साली भारताच्या टोपीविना निवृत्त झाले. शाळकरी वयात तेंडुलकर व कांबळी यांनी १९८८ साली ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. ‘बिचारा’ म्हणणाऱ्यांस यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. तेव्हा ‘अखेर दैवाने भरपाई केली’ असे जिकडे तिकडे म्हटले गेले. पुन्हा दैव! वीस वर्षे देशभरच्या मैदानांवर, रित्या प्रेक्षागारांपुढे, कोणी पाहत नसताना जे शिकले गेले ते ज्ञान होते. आणि ते ज्ञान त्या दिवशी उपयोगी पडले. विश्वचषक हाती आला नसता तरी ते ज्ञान खोटे ठरले नसते, हे आम्हांस विशेष जोर देऊन सांगावयाचे आहे.

शिवलकरांच्या मनात टोपीची खंत नसेल असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या कारागिरास ती नसती? पण ती खंत त्यांची होती. तिला त्यांच्या साऱ्या आयुष्याचे शीर्षक करण्याचा अधिकार आपला नाही. सुनील गावस्करांनी आपणांस आदरणीय वाटलेल्या खेळाडूंवर १९८३ साली ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा जगविख्यात खेळाडूंच्या पंक्तीस त्यांनी शिवलकर व गोयल या दोघांसही बसविले. ज्याने समोर उभे राहून त्यांचा चेंडू खेळला त्यास त्यांची योग्यता कळली. ज्यांनी केवळ संघाच्या याद्या वाचल्या त्यांस दुर्दैव दिसले.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे. राज्याच्या संघात निवडलेल्या प्रत्येक खेळाडूस, राखीव असला तरी, निदान वर्षाचा लेखी करार मिळावा. सध्या खेळणाऱ्यांस संघटना करण्याचा हक्क मान्य व्हावा आणि मंडळाने तिच्याशी बोलणी करावी. रणजीच्या सामन्याची हकीकत देताना वृत्तपत्रांनी शतकवीराच्या छायाचित्राखाली निर्धाव षटके टाकणाऱ्याचीही दोन ओळी नोंद घ्यावी. ही तिन्ही कामे दुसऱ्यांची आहेत व ती होण्यास काळ लागेल. चौथे काम मात्र आमच्या वाचकांचे आहे, आणि त्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही. पुढील हिवाळ्यात जामठ्यास विदर्भाचा सामना असेल तेव्हा मुलांस घेऊन एक दिवस तेथे जाऊन बसावे. गर्दी नसेल, वाद्ये नसतील. एका टोकाकडून कोणीतरी दुपारभर गोलंदाजी करीत असेल आणि त्याचे नाव तुम्हांस ठाऊक नसेल. ते नाव विचारून घ्यावे, मुलास सांगावे, आणि घरी परतताना त्याविषयी बोलताना ‘बिचारा’ हा शब्द तोंडून जाऊ देऊ नये.